चार हजार बैलांवरचे कापड

गेल्या फेब्रुवारीत, १९ तारखेला, आम्ही अकरा जण कारंजा लाडच्या शिवजयंतीच्या मिरवणुकीत सतराव्या शतकातले कपडे घालून चाललो. अकरांत तीन शिक्षक, एक शिंपी, एक पोस्टातून निवृत्त झालेले काका, कॉलेजची चार मुले, वस्त्रविद्या शिकणारी एक मुलगी आणि इतिहास शिकवून घसा बसलेला मी. गटाला नाव नाही. बॅनर छापायची वेळ आली तेव्हा नावावरून दोन रविवार भांडण झाले आणि शेवटी बॅनरच रद्द केला.

रविवारी सकाळी वाशिमला माझ्या घरी बसायचे, एखादे चित्र किंवा शिल्प समोर ठेवायचे आणि त्यातल्या माणसाने अंगावर काय घातले आहे, ते कसे शिवले किंवा गुंडाळले असेल, यावर बोलायचे, असा हा प्रकार चार वर्षांपूर्वी सुरू झाला. पुढे नुसते बोलून भागेना. शिंपी गटात आला आणि आम्ही शिवायला लागलो. जगात ही हौस नवी नाही. इंग्लंडमध्ये तिथल्या सतराव्या शतकातल्या यादवी युद्धाचे वेष घालून लढाया लावणारी ‘सील्ड नॉट’ ही संस्था १९६८ पासून चालू आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धाचे वेषधारी तर खोट्या तपशिलाला आणि तो वापरणाऱ्याला ‘फार्ब’ अशी शिवी देतात. आपल्याकडे गावात रायरंद येत असे, बहुरूपी येत असे. आज पोलीस, उद्या मारवाडी, परवा बाई. दारोदार फिरून तो आठवड्याच्या शेवटी बिदागी मागे. त्याच्यापुढे आम्ही नवशिकेच.

वाशिम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. राजा दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट इथलाच. हरिषेण याच शाखेचा, आणि त्याचा मंत्री वराहदेव याचा लेख अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात आहे. तेव्हा मिरवणुकीत वाकाटक व्हावे, असा आग्रह कॉलेजच्या मुलांनी धरला. अजिंठ्याची चित्रे काढून बसलो. राजे कमरेच्या वर उघडे, गळ्यात मोत्यांचे सर. मुलांचा उत्साह तिथेच निम्मा झाला. फेब्रुवारीतली पहाट, वर उघडे अंग आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ओळखीचे लोक! वाकाटक बारगळले ते असे.

मग कारंजा पुढे आले, ते माझ्यामुळे. पुढे जे काही घडले त्याची जबाबदारीही मग माझीच.

*

१६७० सालचा पावसाळा संपला आणि मराठी फौजा बाहेर पडल्या. ऑक्टोबरच्या आरंभी सुरत दुसऱ्यांदा लुटली गेली. परतीच्या वाटेवर वणी-दिंडोरीला दाऊदखान कुरेशीशी लढाई झाली. ती आवरून काही आठवड्यांतच फौज खानदेशात शिरली, बऱ्हाणपूरच्या पुऱ्याला धक्का दिला आणि तिथून वळून वऱ्हाडात उतरली, ती थेट कारंज्यावर. मोगलांच्या ताब्यातल्या वऱ्हाडातले हे श्रीमंत पेठेचे गाव. लढाई अशी झालीच नाही. जदुनाथ सरकारांनी शिवचरित्रात दिलेला हिशेब असा : उंची कापड, सोने आणि चांदी लादलेले चार हजार बैल व गाढवे, एकूण ऐवज एक कोट रुपयांचा. गावातले धनिक खंडणीसाठी धरून नेले. त्यांतला सर्वांत मोठा असामी तेवढा निसटला, तो बाईच्या वेषात. याच मोहिमेत गावोगावच्या पाटलांकडून चौथाई देण्याचे लेख लिहून घेतले गेले. पुढे शंभर-सव्वाशे वर्षे मराठ्यांच्या राजकारणाला पुरलेली चौथाई वऱ्हाडच्या मातीत अशी रुजली.

चार हजार हा आकडा कानावरून पटकन निघून जातो. मी तो वर्गात फळ्यावर मांडून दाखवत असे. लादलेली जनावरे एकामागे एक चालवली आणि प्रत्येकाला तीन मीटर जागा धरली, तर रांग बारा किलोमीटरची होते. म्हणजे पुढचा बैल तीन तास चालून गेला तरी शेवटचा अजून वेशीतच. त्या रांगेवर प्रामुख्याने कापड होते. कारंज्याची लूट कापडाची लूट होती, हे माझे आवडते वाक्य. गटापुढे ते म्हटले आणि शिंप्याचे डोळे चमकले.

देखावा ठरायला मग वेळ लागला नाही. पुढे दोन लादलेले बैल, त्यांच्यासोबत चार मावळे, मागे धरून नेलेले दोन व्यापारी आणि सगळ्यांत मागे, अंतर राखून, पदर ओढून घाईघाईने चालणारी एक ‘बाई’. कॉलेजातला सर्वांत सडपातळ मुलगा त्या भूमिकेला लगेच तयार झाला. “सर, टाळ्या मलाच पडतीन, पाहा तुमी,” असे तो म्हणाला.

कारंज्यात माझा कॉलेजपासूनचा एक मित्र आहे. जुन्या व्यापारी घरातला. पेठेतला त्यांचा वाडा आता तीन भावांत वाटला गेला आहे. बैल मिळवून देण्याचे काम मी त्याच्यावर टाकले होते. फोनवर त्याने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, “बैल देतो मी. दरवर्षी जयंतीची वर्गणीही देतो. पण तू लुगडं नेसवून ज्याला पळवून राहिला, तो आमच्यासारख्याच्याच घरातला ना? वर्गणी आमची, आणि हसू भी आमचंच?”

मी इतिहासाचा दाखला दिला. तो म्हणाला, “खोटं आहे असं मी कुठं म्हणून राहिलो?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. कारंजा पाहिलेल्याला हे कळेल. गावाच्या वेशी अजून गावाच्या बोलण्यात आहेत : दिल्ली वेस, दारव्हा वेस, पोहा वेस, मंगरूळ वेस. नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान इथले. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ अशा तीन जैन परंपरांची मंदिरे एकाच गावात. कस्तुरीच्या हवेलीची गोष्ट तर लहान पोरही सांगते. उंटांवर कस्तुरी लादून आलेल्या परदेशी व्यापाऱ्याला इथल्या सावकाराने सगळा माल एकदम विकत घेऊन थक्क केले, आणि ती कस्तुरी बांधकामाच्या चुन्यात कालवली! गोष्ट खरी की खोटी हा प्रश्न वेगळा. गाव स्वतःकडे कोणत्या नजरेने पाहते, ते तीत दिसते. अशा गावात जाऊन, गावाचा मोठा माणूस पाहा कसा पळाला, असे मी रस्त्यावर दाखवणार होतो. आणि त्याला संशोधन म्हणत होतो.

दोन रविवार मी तो प्रसंग पुन्हा पुन्हा वाचला आणि एका साध्या गोष्टीशी अडलो. फौज घरात शिरलेली, धनिकांना शोधशोधून धरलेले. अशा वेळी बाईचे कपडे घातल्याने माणूस वाचतो कसा? त्या काळच्या कितीतरी फौजांपुढे तो वेष घालणे म्हणजे आगीतून फुफाट्यात जाणे ठरले असते. परमुलखात बायकापोरे धरू नयेत, हा शिवाजी महाराजांच्या लष्कराचा नियम सभासदाने नोंदवला आहे. खाफीखान तर मोगलांच्या बाजूचा, महाराजांना वाईट शब्द वापरणारा. पण स्त्रियांना हात न लावण्याच्या सक्त हुकमाबद्दल त्यालाही चांगलेच लिहावे लागले. सभासदाने लिहिलेले आपण भक्तीने वाचतो, खाफीखानाचे शत्रूची कबुली म्हणून. कारंज्याचा व्यापारी या दोघांहून वेगळा साक्षीदार आहे. त्याने त्या नियमावर स्वतःचा जीव लावला. वेशीवरच्या शिपायाची नजर बाईवरून पुढे सरकेल, अशी त्याची अटकळ होती आणि ती बरोबर निघाली. लुटल्या जाणाऱ्या माणसाला लुटणाऱ्याच्या शिस्तीची इतकी नेमकी माहिती होती. ती बाजारातल्या बोलण्यातूनच आली असणार. व्यापाऱ्याला मालाच्या भावाइतकीच फौजांच्या चालीची खबर ठेवावी लागते.

हे मी मित्राला सांगितले. तो बराच वेळ गप्प राहिला. मग एवढेच म्हणाला, “मंग तसं दाखव. दाखवता येते काय ते पाहा.”

*

दाखवायचे म्हणजे आधी कपडे हवेत. इथे शिवकालाच्या अभ्यासकाची मोठी पंचाईत होते. आपल्या डोळ्यांसमोर जो मावळा उभा राहतो तो सतराव्या शतकातून थेट आलेला नाही. तो येताना अनेक ठिकाणी कपडे बदलून आला आहे. १८९४ नंतर पुण्यातल्या गणपतीच्या मेळ्यांत पोरे मावळ्यांच्या वेषात नाचू-गाऊ लागली. टिळकांनी १८९६ मध्ये रायगडावर शिवजयंतीचा उत्सव केला आणि उत्सवाबरोबर वेषही पसरला. मग रंगभूमी आली, धुरंधरांची चित्रे आली, १९२३ मध्ये बाबूराव पेंटरांचा ‘सिंहगड’ आला, आणि १९८५ पासून ‘जाणता राजा’ने हत्तीघोड्यांसह गावोगावच्या मैदानात तंबू ठोकला. तालुक्याच्या ठिकाणचा ड्रेपरीवाला यातूनच आपला माल ठरवतो. त्याच्याकडे मावळ्याचा सेट असतो : भगवा फेटा, मखमलीची बंडी, जरीचा पट्टा, पुठ्ठ्याची ढाल, पत्र्याची तलवार. मोगलाचा सेट हिरव्या साटीनचा. सगळे मापाने एकच. लहान पडले तर मागून पिना लावायच्या.

समकालीन चित्रे मात्र काही वेगळेच सांगतात. मनुचीने मीर मुहम्मद या चित्रकाराकडून काढून घेतलेल्या चित्रांत घोड्यावरचे महाराज आहेत आणि बाजूने पायी चालणारे शिपाई आहेत. तो संग्रह आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्स म्युझियममध्ये विट्सेन या डच गृहस्थाच्या संग्रहातले चित्र आहे. या चित्रांत महाराजांच्या डोक्यावर घट्ट बांधलेले पागोटे आणि त्यात तुरा, अंगात जामा, कमरेला नक्षीचा शेला आणि पायात तंग सुरवार दिसते. वेष दख्खनचा आहे. त्या काळी दरबारात वावरणारा कुठलाही माणूस, विजापूरचा असो, गोवळकोंड्याचा असो की रायगडाचा, थोड्याफार फरकाने हेच घालत असे.

या सारखेपणाचा एक किस्सा प्रसिद्ध आहे. मनुचीच्या ग्रंथात छापलेले इब्राहिमखान नावाच्या सरदाराचे चित्र आपल्याकडे बरीच वर्षे शिवाजी महाराज म्हणून चालले. पुस्तकांत आले, घराघरांत लागले. वा. सी. बेंद्रे यांनी डच कागदांतले चित्र हुडकून १९३३ मध्ये प्रसिद्ध केले तेव्हा ती चूक दुरुस्त झाली. लोक फसले यात मला फारसे नवल वाटत नाही. जामा तोच, पागोट्याची तऱ्हा जवळची. ओळख पटवायची तर एक खूण असे, आणि तीही बारीक. त्या काळच्या चित्रांत साधारणपणे मुसलमान सरदाराच्या जाम्याचे बंद उजव्या काखेत असतात, हिंदूच्या जाम्याचे डाव्या काखेत. बाकी कापड एकाच मागावरचे, शिंपी एकच, रंगारीही तोच. भगवे विरुद्ध हिरवे ही वाटणी ड्रेपरीच्या कपाटात झालेली आहे.

आमच्या शिंप्याने चारही जामे शिवून आणले, ते उजवीकडे बांधायचे. मिरवणुकीला दोन दिवस होते. मी बंदांची गोष्ट सांगितली तेव्हा तो म्हणाला, “सर, हे पैले सांगायचं असते. आता चार मानसाइचा धर्म बदलाचा म्हणजे रातभर बसा लागीन मले.” आणि खरोखरच तो रात्रभर बसला.

जाम्यांपेक्षा अवघड होते मावळे. डोंगरातला साधा पायदळाचा माणूस मखमल कुठून घालणार? गुडघ्यापर्यंतची तुमान, जाड सुती अंगरखा, डोक्याला मुंडासे, खांद्यावर कांबळे. आम्ही खादी भांडारातून जाडीभरडी खादी आणली, हळदीच्या आणि बाभळीच्या सालीच्या पाण्यात बुडवली. वस्त्रविद्येच्या मुलीला लाल रंग आलाचा हवा होता. हे आलाचे झाड एके काळी वऱ्हाडचे धन होते. त्याच्या मुळ्यांच्या लाल रंगासाठी शेते राखली जात. १८६९ च्या सुमारास जर्मनांनी तोच लाल प्रयोगशाळेत तयार केला आणि काही वर्षांत शेते दुसऱ्या पिकांखाली गेली. तिने दोन महिने हिंडून कुठूनशा किलोभर मुळ्या मिळवल्या. त्यात एक मुंडासे रंगले. लाल म्हणावे तर लाल नाही, वीट आणि डाळिंब यांच्या मधले काहीतरी. बाकी मुंडासी तशीच पांढरी ठेवली.

*

आता लुगडे. ड्रेपरीवाल्याकडे नऊवारीचे ढीग होते, सगळे सुरतेच्या कृत्रिम धाग्याचे. याचे मला त्या वेळी हसू आले होते. १६७० च्या ऑक्टोबरात सुरत लुटली, डिसेंबरात कारंजा. आणि साडेतीनशे वर्षांनी कारंज्याच्या लुटीचा देखावा करायचा तर कापड सुरतेहूनच यायचे! पण ते कापड चालताना सळसळते, उन्हात चकाकते, आणि पदर डोक्यावर ठरत नाही. बाईच्या वेषात कुणाचे लक्ष जाऊ नये म्हणून निघालेला माणूस असे काही अंगाला लावणार नाही.

तेव्हा मला आजीची पेटी आठवली.

आम्ही वाशिमचे कोष्टी. माझ्या आजोबांच्या घरी दोन खड्ड्यांतले माग होते, असे वडील सांगत. मी पाहिला तो एकच खड्डा, बुजवलेला, त्यावर माझी अभ्यासाची फळी. वाशिमच्या कापडाचा इतिहास मला शाळेत कुणी शिकवला नाही. पुढे मी तो स्वतःच शोधून वाचला. १७६९ मध्ये माधवराव पेशवे आणि नागपूरकर जानोजी भोसले यांच्यात कनकापूरचा तह झाला. त्यातले एक कलम असे की भोसल्यांनी दरसाल पाच हजार रुपयांचे कापड पेशव्यांकडे पाठवावे आणि ते वाशिम व बाळापूरचे असावे. तहात मुलूख असतो, फौजांची संख्या असते, नजराणे असतात. गावाचे नाव घालून कापड मागितलेले असते, हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बाहेर अंगणात जाऊन उभा राहिलो होतो. पुण्याच्या वाड्यात कुणाला तरी वाशिमचे कापड वाशिमचेच म्हणून ओळखता येत होते.

त्यानंतर शंभर वर्षांनी काय झाले, तेही लिहिलेले सापडते. १८७० मध्ये खामगावच्या कापूस बाजारापर्यंत रेल्वेचा फाटा आला. व्हाइसरॉय मेयो उद्घाटनाला आले होते. वऱ्हाडचा कापूस गाठींत बांधून मँचेस्टरला जायचा आणि तिकडचे कापड त्याच रुळांवरून परत यायचे. त्या वेळचा कापूस कमिशनर रिव्हेट-कार्नॅक याला इथला विणकर उघडपणे अडचण वाटत होता : स्वस्त विलायती कापड आले की तो माग सोडील, आणि त्याच्या घरात मुरणारा कापूसही निर्यातीला मोकळा होईल. कारंज्याच्या लुटीत चार हजार जनावरे होती, बारा किलोमीटरची रांग. ही दुसरी रांग रुळांवरून गेली. तिच्यातले डबे कुणी मोजले नाहीत, आणि तिच्यावर देखावा करायचे आजवर कुठल्या मंडळाला सुचलेले नाही.

आजोबा त्यातूनही तगले, गिरणीचे सूत आणून हातमागावर विणत राहिले. आजीच्या पेटीतले लुगडे त्यांच्या हातचे, बहुधा शेवटच्या काही नगांपैकी. सुती, नऊवार, गर्द निळे, काठ तांबडा. पेटी ताईच्या ताब्यात असते. मी मागितले तेव्हा ताईने आधी नाही म्हटले आणि मग विचारले, “बाप्या माणसानं नेसून लोकाइनं हसाव म्हून आजीनं ठेवलं होतं काय ते?”

हे मित्राचेच म्हणणे, दुसऱ्या तोंडून आले. मी तिला व्यापाऱ्याची गोष्ट सांगितली, जशी मित्राला सांगितली होती तशीच. ताई इतिहासाची नव्हे. चाळीस वर्षे घर चालवलेली बाई. तिने सगळे ऐकले आणि म्हणाली, “मंग त्याले नेसवून मीच देईन. तुमाले येत नाही ते.”

*

सकाळी मंगरूळपीरवरून कारंज्याला पोचलो तेव्हा मिरवणुकीची तयारी जोरात होती. शाळांची लेझीम पथके, ट्रॉलीवर थर्माकोलचा किल्ला, त्यावर बसलेले बालशिवाजी आणि झोपेला आलेल्या जिजाऊ. दहा-बारा मंडळे. प्रत्येक मंडळाचे फेटे एका ताग्यातले. आमचे मावळे पाहून चहाच्या टपरीवरचा एक जण म्हणाला, “कायचे मावळे बाप्पा हे? आमच्याइकडच्या मेंढपाळावानी दिसून राह्यले!” पोस्टातल्या काकांना ही दाद वाटली. त्यांनी त्याला नमस्कार केला.

मित्राने दोन बैल आणि एक बैलगाडी आणून ठेवली होती. बैलांच्या पाठीवर गोणपाटाचे लादणे बांधले, आत पेंढा आणि वर आमच्याच घरांतली जुनी धोतरे-चादरी, कापड दिसावे म्हणून. मिरवणूक निघाली. दहा मिनिटांत पुढच्या ट्रॉलीवरचा डीजे सुरू झाला आणि डावीकडचा बैल बिथरला. मावळ्यांपैकी एकालाही बैल धरता येत नव्हता. धरून नेलेल्या दोन व्यापाऱ्यांतला एक शेतकऱ्याचा मुलगा होता. त्यानेच वेसण धरली, बैलाला चुचकारले आणि पुढे अर्धा तास तो कैदी आपल्याला लुटणाऱ्यांचा माल सांभाळत चालला. इतिहासाला धरून नसेल, पण लोकांना ते फार आवडले.

मागे, चाळीस-पन्नास पावलांवर, तो मुलगा. ताईने त्याला पहाटेच नेसवले होते. त्याची चाल रविवारांच्या तालमीत बसवलेली : मान खाली, पावले आखूड, कडेकडेने. पहिल्या चौकात त्याला शिट्ट्या पडल्या. दुसऱ्या चौकात कुणीतरी सिनेमातल्या गाण्याची ओळ ओरडले. टाळ्या मलाच पडतील म्हणणारा मुलगा. पण त्याने वर पाहिले नाही. मी बाजूने चालत होतो, मला त्याच्या कपाळावरचा घाम दिसत होता. आपण कारंज्याला अखेर हसूच आणले, असे वाटून मी मित्राला गर्दीत शोधू लागलो.

पेठेच्या तोंडाशी मिरवणूक थांबली. पुढे लेझीम चालू होते. मुलाचा पदर घसरला आणि खालचे मुलाचे केस उघडे पडले, हशा झाला. तेवढ्यात ओट्यावर बसलेली एक म्हातारी उठली. ऐंशीच्या पुढची, पांढरे पातळ, हातात काठी. ती सरळ रस्त्यात उतरली, मुलाजवळ गेली आणि काठी त्याच्याच हातात देऊन त्याचा पदर दोन्ही हातांनी नीट केला. एक टोक कानामागून घेऊन दातात धरायला लावले. “पदर असा घेत असते काय गा? सरकते ना तो. पकडतीन तुले.”

शेवटचे दोन शब्द तिने हळू म्हटले होते, पण आजूबाजूच्या पाच-पन्नास जणांनी ते ऐकले. कुणी हसले नाही. मुलाने तिची काठी परत दिली आणि दातात पदर धरून निघाला. पुढच्या वेशीपर्यंत त्याला शिट्टी पडली नाही. लोक त्याला वाट देत होते. एका दुकानदाराने तर आपली मोटारसायकल बाजूला घेतली.

मित्र मला वेशीजवळ भेटला. तो देखाव्याबद्दल काही बोलला नाही. “बैलाले पाणी पाजलं का?” एवढे विचारून बैल घेऊन गेला. रात्री जेवायला मात्र त्याने सगळ्यांना वाड्यावर नेले. अकराही जण त्याच्या ओसरीवर जाम्या-तुमानींत बसलो. वहिनींनी पुरणपोळी केली होती. जेवताना त्याच्या धाकट्या भावाने त्या पळून गेलेल्या माणसाविषयी मला चार-पाच प्रश्न विचारले, सगळे व्यापाऱ्याचे. माल घरात किती असेल, खंडणीचा दर कसा ठरत असेल, परत आल्यावर उधारी कुणी दिली असेल. मला त्यांतल्या एकाचेही उत्तर देता आले नाही. इतक्या वर्षांत कुठल्याही वर्गात हे मला कुणी विचारले नव्हते.

परतताना गाडीत ताईच्या हवाली करायला लुगड्याची घडी केली तेव्हा दिसले, की काठाजवळ चार बोटे फाटले आहे. बैलगाडीच्या लोखंडी पट्टीला अडकले असणार. मुलगा रडकुंडीला आला. मी ते तसेच वाशिमला रफूवाल्याकडे नेले. त्याने कापड चिमटीत धरून उजेडाकडे केले, उलटसुलट पाहिले आणि म्हणाला, “एवढ्या बारीक सुताचा या रंगाचा धागा माझ्याकडे नाही. बाजारात भी नाही भेटनार.” मग त्याने लुगड्याचे आतले टोक उलगडले, जे नेसताना कुणाला दिसत नाही ते, आणि तिथून सुईच्या टोकाने एक-एक धागा उपसून काढला. आठ धागे लागले. त्यानेच त्याने भोक भरले. पैसे घेतले दीडशे.

ताईने रफूवर बोट फिरवून पाहिले, आणि पेटीत ठेवताना त्यात कडुनिंबाची पाने नवी घातली.